सहावा पॉइंट

सांगलीच्या पुढे, नदीपासून हाकेच्या अंतरावर एक गाव आहे. तिथं मी आजही गाडी थांबवत नाही. तहान लागली तरी पुढच्या फाट्यावर जाऊन पाणी पितो. त्या गावात मला ‘भोकपाड्या’ म्हणतात, आणि तोंडावर म्हणतात.

माझा धंदा जमिनीची ताकद मोजायचा. रॉडच्या टोकाला दीड इंच जाडीचा पोलादी शंकू असतो. गाडीवरचा जॅक तो एकाच संथ वेगानं जमिनीत दाबत नेतो. माती किती अडवते ते शंकूला कळतं आणि स्क्रीनवर रेघ उमटते. माती घट्ट असेल तर रेघ उजवीकडं जाते, पोकळ असेल तर डावीकडं. कोयनेकडच्या डोंगरातून मी बोअरच्या गाडीवर पाइप उचलायला बाहेर पडलो होतो. हे मशीन जुनंच, पण माझं आहे. कुणाच्या बापानं दिलेलं नाही.

त्या गावातल्या एका निवृत्त सुभेदारांना भागीदारांना घेऊन बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज बांधायचं होतं. सांगलीच्या विश्रामबागेतला त्यांचा इंजिनियर जागेवर हजर होता. त्यानं खुणा केलेले पाच पॉइंट झाले. वर काळी माती, खाली गाळ, त्याखाली घट्ट वाळू. तक्रारीला जागा नव्हती. सहावा पॉइंट उत्तरेच्या कोपऱ्यात होता. चार मीटरवर रेघ जी डावीकडं कोसळली, ती तेरा मीटरपर्यंत उठलीच नाही. रॉड वर काढले तर गटारासारखा वास, आणि सांध्यात अडकलेली कुजकी पाचट. इतक्या खोल पाचट कुठून येणार?

“सुभेदार, हितं विहीर होती,” मी म्हणालो.

“न्हाई बा. आज्याच्या काळापासनं ऊसच हाय हितं.”

“मग ह्या आसरा कुणाच्या?” बांधावर लिंबाखाली शेंदूर लावलेले सात दगड होते, वर ताजं हळदकुंकू. साती आसरा म्हणजे पाण्याच्या देवी; त्या विहिरी-नदीकाठी बसतात, कोरड्या बांधावर नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

“तू मिशीन घिऊन आलायस का देव मोजाय? दगूड हायती नुस्तं.”

“दगूडच हायती तर ढकलू का जरा? गाडी वळवायला आडवे येतात.”

“हात लावू नगंस!” सुभेदार असे ओरडले की इंजिनियरच्या हातातला कागद पडला.

त्यांना काय झोंबलं ते मला पुढं कळलं. विहिरीच्या पाण्यात चुलतभावांचा वाटा होता. वाटा मिटावा म्हणून ह्यांनी विहीरच बुजवली आणि आसरा उचलून बांधावर आणून ठेवल्या. विहीर होती असं म्हटलं की वाटाही होता, असं कबूल करावं लागलं असतं.

इंजिनियर गोड आवाजात म्हणाला, “पॉइंट तीन मीटर सरकवू या ना. एखादा खड्डा असेल.”

“आवं सायेब, तेरा मीटरचा खड्डा? हत्ती पुरलाय व्हय हितं?”

मी गाडीचं दार आपटलं आणि निघालो. त्यांनी अडवलं. तासभर भांडण झालं आणि शेवटी तोड निघाली: सरकवलेला पॉइंट तक्त्यात घालायचा, सहावा रिपोर्टच्या शेवटच्या पानावर. मी हातावर हात मारला. समोरच्याला निम्म्यावर आणलं की मी जिंकलो, हीच माझी आजवरची सवय. मातीच्या बाबतीत निम्मं असं काही नसतं, हे सौद्याच्या नादात सुचलं नाही. ही एक चूक माझी. बाकीच्या त्यांच्या.

इंजिनियरनं शेवटचं पान काढून टाकलं. बांधकाम झालं. दुसऱ्या पावसाळ्यात उत्तरेचा कोपरा खचला आणि भिंतीत हात जाईल एवढी भेग पडली. गावानं निकाल लावला: त्या भोकपाड्यानं भोक पाडलं, तिथनं पाणी मुरलं. दीड इंचाचं भोक! तेही मी सिमेंटची पातळ स्लरी ओतून बुजवलेलं. माझ्याकडची प्रत दाखवली तर म्हणाले, पान मागनं जोडलंस. तासगावकडची दोन कामं नुसत्या ह्या बोभाट्यावर गेली.

गेल्या उन्हाळ्यात सुभेदार स्वतः माझ्या शेडवर आले. खचलेली भिंत उचलून सरळ करायला आलेला ठेकेदार त्या कोपऱ्याची चाचणी मागत होता.

“ये की मिशीन घिऊन.”

“येतो. आधी चावडीवर चार माणसांत म्हणा, विहीर होती. बास, दुसरं काही नको.”

“घराण्याची गोष्ट हाय रं ती.”

“आणि माझं नाव काय भाड्यानं आणलंय?”

त्यांनी शेडच्या दाराकडं एकदा बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, “तुला म्हून सांगतो. व्हती. पाचट टाकली, शेण टाकलं, वरनं कठड्याचं दगूड ढकललं.”

“मला कशाला सांगता? मला त्याच दिवशी कळलंय. गावाला सांगा.”

“इंजिनियरम्होरं म्हणतो. चावडीवर न्हाई.”

“मग ऱ्हाऊ द्या.”

“लय माजलास, गड्या.” सुभेदार उठले. त्यांना सोडायला मी फाटकापर्यंतही गेलो नाही.

त्यांनी पुण्याहून दुसरं मशीन मागवलं. तो मशीनवाला माझ्या ओळखीचा निघाला. त्याला फोन करून एवढंच सांगितलं, “उत्तरेच्या कोपऱ्यात जपून दाब. आत कठड्याचे दगड आहेत. माझा शंकू नशिबानं चुकला, तुझा मोडेल.” दगडाचं तुला कसं ठाऊक, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, “मालकालाच विचार. चावडीवर विचार.”