चार खुंट्यांची जागा
शेजारी बाफले, म्हणजे कणकेचे उकडलेले गोळे, भाजायला गोवऱ्या पेटल्या, की मी गुपचूप खिडकी लावून घेतो. माझी भाची चोरल नदीपासून वर डोंगरापर्यंत वनस्पतींचा सर्वे करत होती, आणि "तू कर तुझं काम, आम्ही पिकनिक करू" म्हणत एका रविवारी आम्हीही तिच्यामागे गेलो. ती तिच्या कॉलेजच्या मॅडमबरोबर सकाळीच पोचून डोंगरावर चढली होती. काठावर चार खुंट्यांना सुतळी बांधलेला चौकोन दिसला. मी पडलो इंदूरचा. रविवारी चोरलला जागा धरावी लागते, हे मला पाठ. पोरीने आपल्यासाठी जागा धरली, या कौतुकात मी आतलं गवत आणि बारीक निळी फुलं उपटली, गोवऱ्या पेटवल्या, आणि ती उतरताना दिसताच ओरडलो, "मस्त जागा धरलीस गं!" ती धुराकडे बघतच राहिली. "मामा, पावसाळ्यापासून मी याच चौकोनातली रोपं मोजतेय." मॅडम म्हणाल्या, "चलो भाईसाब, अब बाफले ही गिन लेते हैं." सगळे हसले. ती हसली नाही, पण माझा चेहरा बघून पहिला बाफला तिनेच मागून घेतला. अजूनही सर्वेला निघताना ती "मामा, चला ना" म्हणते. मी गुडघ्यांचं कारण सांगतो. गुडघे ठणठणीत आहेत.