गोऱ्याला खुर्ची दाखवणाऱ्या बाई

इथे आखातात, अल् घुब्राच्या दवाखान्यात काउंटरवर बसणाऱ्या त्या रत्नागिरीच्या बाई नुसत्या शिंकल्या तरी पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, रुवीतल्या टॅक्स्या थांबतात. नाव विचारायची माझी छाती नाही. तिथे कुणी गोरा आला की आम्ही न सांगताच बाजूला सरायचो. मॅनेजरलाही तेच हवं असायचं. परवा असाच एक, आम्ही सरताच, रांगेतल्या पहिल्या आजींच्या पुढे घुसला. बाईंनी त्याला खुर्ची दाखवली.

"आमच्या देशातही बाहेरचे असेच माजलेत," तो भडकला. "म्हणून तर मी त्यांना हाकलणाऱ्यांनाच मत देतो!"

"इथे आपण दोघंही बाहेरचेच, साहेब. बसा."

मॅनेजर धावत आला. "त्यांना आत सोडा, नाहीतर उद्यापासून येऊ नका!"

"उद्याचं उद्या. आज आधी या आजी."

बाजूला सरलेले आम्ही सगळे पुन्हा रांगेत शिरलो आणि मधली फट बुजवून टाकली.