दामूच्या दुकानातला ठोसा

सत्त्याऐंशी साल. मी तेव्हा एकोणसाठ वर्षांचा. दामूच्या केस कापायच्या दुकानात सकाळी कोणीतरी पेपर मोठ्यानं वाचायचा आणि बाकीच्यांनी देश, देव, जात यांवरून भांडायचं, ही आमची तीस वर्षांची रीत.

त्या दिवशी मी म्हणालो, "माणसावर हात उचलायला लावतो तो धर्मच नव्हे."

दामू हसला. "तात्या, तिसरी नापासानं धर्म शिकवायचा म्हणजे कलियुगच की!"

सगळे खो खो हसले. मी उठलो आणि त्याच्या तोंडावर ठोसा हाणला. ओठ फाटला, दात हलला, रक्त पेपरावर सांडलं. मी ते बघत राहिलो. निवडणूक, देऊळ, मोर्चा, पुढाऱ्याचा फोटो, सगळं सारखंच भिजत गेलं. रक्ताला तर माझ्याइतकंही वाचता येत नाही. वाटलं, तीस वर्षं आम्ही इथं बसून जग सुधारलं, आणि त्यातला एक शब्द माझ्या मुठीपर्यंत पोचला नाही.

मुद्दा माझाच बरोबर होता, हे आजही सांगतो. माफी मागायला माझी जीभ वळत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात गेलो, खुर्चीत बसलो, आणि मान मागे टाकून गळा दामूच्या वस्तऱ्यापुढे धरला.