देवकाबाईंची जुनी लोकर

दसरा होऊन चार दिवस झाले होते. सकाळी साडेदहाच्या सुमारास मी गोंदियाजवळच्या कुडव्याच्या घरी भाजी निवडत बसले होते आणि फोन वाजला. पलीकडून माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ बोलत होते. त्यांचा आवाज ऐकूनच माझ्या हातातली जुडी खाली पडली, कारण भासऱ्यांनी मला आजवर कधीही फोन केलेला नव्हता. आमच्याकडे थोरला दीर धाकट्या भावजयीशी समोरासमोर बोलत नाही. काही सांगायचंच झालं तर ते भिंतीकडे किंवा बैलाकडे बघून सांगतात आणि आपण ते आपल्याला आहे असं समजून घ्यायचं. त्या दिवशी मात्र ते दोनदा 'हॅलो, हॅलो' म्हणाले, थांबले... आणि मग म्हणाले, "तुमची बाई गेली." माझी बायको म्हणाले नाहीत, तुमची बाई म्हणाले.

देवकाबाई माझ्या मोठ्या जाऊबाई. मी त्यांना नुसतं 'बाई' म्हणायची. बांधीतला धान पाहून त्या घरी आल्या, अंगणात पाणी मागितलं आणि पाण्याचा तांब्या येईपर्यंत गेल्याही. कुणाला धावपळ करायला लावायची नाही हा त्यांचा स्वभावच होता, पण इतकी घाई करायला नको होती. दुपारच्या पॅसेंजरने दरेकशाला, सासरी जाताना मी खिडकीतून दोन्ही बाजूचे पिवळे पडत चाललेले धान बघत होते आणि मला त्यांचा राग येत होता. होय, राग. मला रडू यायच्या आधी राग येतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. बाईंना तर सगळ्यात जास्त माहीत होतं.

नव्याण्णव साली लग्न होऊन मी या घरात आले. गोंदियासारख्या शहरात वाढलेली, चार बुकं शिकलेली आणि जिभेला हाड नसलेली. उतरले ते दरेकशाच्या एवढ्याशा स्टेशनात. चारी बाजूंनी डोंगर आणि जंगल, आणि पहाटे अशी थंडी की गोधडीतून नाक बाहेर काढवत नसे. दुसऱ्याच दिवशी बाईंनी मला एक जाडजूड मरून स्वेटर आणून दिला. "घाल. इथली थंडी गोंदियावानी नाही," म्हणाल्या. तो त्यांचा स्वतःचा होता. त्या हिवाळ्यात त्यांनी माझ्यासाठी नवा विणला आणि मगच आपला परत घेतला.

विणकाम त्या स्टेशनच्या क्वार्टरात शिकल्या होत्या. कुठल्याशा थंड मुलुखातल्या बाबूची बायको तिथं दोन वर्षं राहायला होती, तिनं त्यांना शिकवलं, आणि तेही हिंदीतून. त्यामुळे बाईंचं सगळं बोलणं अस्सल झाडीबोलीतलं, पण विणकाम तेवढं हिंदीत. टाक्याला त्या फंदा म्हणायच्या, सुयांना सलाया. "दो सीधा, एक उल्टा," असं पुटपुटत असतानाच मध्ये कोंबडी आली की तिला झाडीबोलीत शिव्या, आणि पुन्हा "दो सीधा". मी हसायची. त्या म्हणायच्या, "हासून काऊन राहिलीस? ज्या भाषेत शिकलं त्याच भाषेत हात चालते." त्यांनी मलाही शिकवून पाहिलं. माझी पट्टी एका बाजूनं रुंद आणि दुसऱ्या बाजूनं चिंचोळी व्हायची. शेवटी त्यांनी माझ्याकडे लोकरीच्या लडीचा गुंडा करायचं काम दिलं आणि त्यातच माझी बढती थांबली.

त्यांचं वर्ष शरदात सुरू व्हायचं. धान निसवला, कोवळ्या लोंब्या बाहेर डोकावू लागल्या की त्यांची लोकरीची पेटी उघडायची. दुपारची कामं उरकून त्या छपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत बसायच्या. समोर तुरीला फुलं, अंगणात वालाचा वेल, वर पोपटांचा कलकलाट. मधूनच उठून जंगलाकडच्या वाटेला जायच्या आणि पदरात सीताफळं घेऊन यायच्या. धानकापणी सुरू झाली की दिवसा सलायांना सुट्टी. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरायची तेव्हा दंडार बघता बघता त्यांचे हात चालू असायचे, नजर नाचणाऱ्यांवर आणि फंदे मात्र एकही न चुकता. आणि एक रीत होती. त्या दरवर्षी मुलांचे स्वेटर उसवायच्या, लोकर धुऊन वाळवायच्या आणि तिच्यात नवी लोकर घालून मोठ्या मापाचा स्वेटर विणायच्या. आमच्या घरात स्वेटर जुना होत नसे, तो फक्त वाढत असे.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला मी बरेच दिवस टाळाटाळ केली.

लग्नानंतर दोन वर्षांनी मला दिवस राहिले. बाळ दिवाळीनंतर येणार होतं. होणाऱ्या बाळासाठी आधीपासून नवे कपडे करायचे नाहीत, जन्मल्यावर पहिल्यांदा घरातलं जुनेरच अंगावर घालायचं, ही आपल्याकडची पद्धत. बाईंना ती माहीत नव्हती असं नाही, त्यांनीच दहा जणींना सांगितली असेल. पण त्या वर्षी त्यांना राहवलं नाही. त्यांची दोन्ही मुलं मोठी झाली होती, घरात किती वर्षांनी तान्हं येणार होतं. त्यांनी गुपचूप पिवळी लोकर आणवली आणि माझ्या नकळत एक लहानसं जाकीट विणलं... तळहाताएवढ्या पाठीचं.

आठव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी, बाहेर कापलेल्या धानाचे पुंजणे रचले जात असताना, मी बाईंच्या पेटीत काहीतरी शोधत होते आणि ते जाकीट माझ्या हाताला लागलं. मी ते घेऊन छपरीत गेले. बाई तांदूळ निवडत होत्या. मी ते त्यांच्या सुपात टाकलं आणि म्हणाले, "हे तुम्ही आधीच विणलं. तुमच्याच हातानं झालं हे."

एवढंच बोलले मी. त्या वेळी घरात आणखी कुणी नव्हतं.

बाईंनी वर पाहिलं नाही. त्यांनी जाकिटाला चिकटलेले तांदळाचे दाणे एक एक करून काढले आणि सूप बाजूला ठेवलं. मग धाग्याचं टोक शोधून त्यांनी ते जाकीट उसवायला घेतलं. संध्याकाळपर्यंत बसून सगळं उसवलं. त्या पिवळ्या लोकरीनं दुसऱ्या दिवशी त्यांनी वालाचा वेल मांडवाला बांधला. आणि त्यानंतर सलाया हातात घेतल्या नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "डोळे दुखते."

सहा शरद असे गेले. धान निसवायचा, तुरीला फुलं यायची, आणि बाई छपरीत रिकाम्या हातांनी बसायच्या. रिकाम्या म्हणजे आपल्या शेंगा सोलत, वाती वळत. पण त्या बसण्यात ती मजा नव्हती... ते पुटपुटणं, ते कोंबडीवर खेकसणं. माझ्याशी त्यांचं वागणं तसूभरही बदललं नाही. उलट, पहिला वाफाळता भात माझ्याच ताटात पडायचा. मला कळत होतं मी काय केलं ते. बाळ जाण्याचा आणि जाकिटाचा काही संबंध नाही हे मला बोललेल्या क्षणीही माहीत होतं. दुःख कुणाच्या तरी माथी मारायचं होतं आणि माझ्या जवळची, मला काही न बोलणारी बाई तेवढी एकच होती. शब्द परत घ्यायला मी दर वर्षी जायची आणि दर वर्षी वेगळंच काहीतरी बोलून यायची.

मग साक्षीच्या, माझ्या लेकीच्या वेळी मला दिवस राहिले. त्या नऊ महिन्यांत बाईंनी माझ्या पोटाकडे बघणंसुद्धा टाळलं. साक्षी झाली ती कार्तिकात, थंडी नुकतीच पडायला लागली होती. पाचवीच्या दिवशी बाई खोलीच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. अंगावर स्वेटर नव्हता, नुसती शाल. हातात मरून रंगाचं काहीतरी होतं.

"आत या ना," मी म्हणाले.

"पाह्य, नवी लोकर नोहोय," त्या दारातूनच म्हणाल्या. "माह्याच आंगावरचा उसवला. जुनेरच हाय हे. घातलं तं चालते."

पाच दिवसांत विणला होता तो. साक्षीचं पहिलं रडणं कानावर पडल्यावरच सलाया काढल्या असतील, त्याआधी नाही. या घरात आल्यावर दुसऱ्याच दिवशी मला घालायला दिलेला तोच स्वेटर आता माझ्या लेकीच्या मापाचा झाला होता. त्या क्षणी मी उठून त्यांचे पाय धरायला हवे होते. मी रडले, खूप रडले, आणि शेवटी तोंडातून काय निघालं, तर "छान झालाय." बाई म्हणाल्या, "बाही थोडी लंबी झाली. वाढंल पोरगी." झालं. एवढ्यावर आमचं ते प्रकरण मिटलं, म्हणजे त्यांच्या बाजूनं मिटलं.

त्यानंतर पुन्हा दर शरदात पेटी उघडू लागली. साक्षीचा स्वेटर उसवायचा, मरून लोकर धुवायची, एका नव्या रंगाची भर घालायची. तिच्या शाळेसाठी आम्ही कुडव्याला राहायला आलो, तरी दिवाळीत माप द्यायला दरेकशाला जायचोच. माप फितीनं नाही, बाई आपल्या वितीनं घ्यायच्या आणि साक्षीला गुदगुल्या व्हायच्या. एका वर्षी साक्षी म्हणाली, "मोठीआई, मला दुकानातला पाहिजे. सगळ्या मुलींचा मशीनचा आहे." मी डोळे वटारले. बाई मात्र खो खो हसल्या. "बरं माय. मंग मी बिनबाहीचा करतो. आंदर घाल, कोणाले दिसन नाही." साक्षी आजतागायत तो शाळेच्या स्वेटरच्या आत घालते. कुणाला दिसत नाही.

तेरवीच्या आधी भासऱ्यांनी घर पोतायला काढलं. मी मदतीला दोन दिवस आधीच गेले होते. स्वयंपाकघर झालं, खोल्या झाल्या. छपरीची भिंत भासऱ्यांनी स्वतः चुन्यानं पोतली, कुणाला हात लावू दिला नाही. काम झाल्यावर बघितलं तर पांढऱ्याशुभ्र भिंतीत मधोमध एक मळकट तेलकट डाग तसाच ठेवलेला. बाई जिथं पाठ टेकून बसायच्या तिथला. ब्रश त्याच्या कडेकडेनं फिरवलेला होता. दुपारी मी त्या डागाखाली जाऊन बसले. भासरे अंगणात दोर वळत बसले होते, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे माझ्याकडे पाठ करून. आणि काय झालं कुणास ठाऊक, पंधरा वर्षं जे बाईंना बोलू शकले नाही ते मी त्या पाठीला सांगितलं. जाकीट, सूप, तो शब्द, सगळं.

त्यांचे हात थांबले.

"मले तं म्हणे, डोळे दुखते," ते तुरीकडे बघत म्हणाले. "मी तिले दोनदा गोंदियाले चष्म्यासाठी नेलो. डॉक्टर म्हणे, डोळे चांगले हायेत. मी त्यालेच बोललो, का तुले काही समजत नाही."

मला तोंड वर करवेना. म्हणजे बाईंनी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. सहा वर्षं आपलं आवडतं काम सोडून बसल्या, दोनदा दवाखान्याच्या रांगेत खोटं दुखणं घेऊन उभ्या राहिल्या, पण धाकट्या जावेनं आपल्याला काय म्हटलं ते घरात कळू दिलं नाही. कळलं असतं तर या घरात मला मान वर करून वावरता आलं नसतं. हे त्यांना त्या दिवशी सूप बाजूला ठेवतानाच समजलं होतं. आणि ते झाकलेलं मी आज माझ्याच हातानं उघडं केलं होतं...

भासऱ्यांनी दोर पुन्हा वळायला घेतला. मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, मान वळवून त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं.

"तिनं सांगितलं नाही," ते म्हणाले, "तं मीबी आयकलो नाही."

मी त्या डागाला पाठ टेकली आणि ऊन उतरेपर्यंत तशीच बसून राहिले.