चारशे अठरावा डाव

अर्धे कांदे चिरून झाले होते आणि अर्धे परातीत सालासकट तसेच पडले होते. विळीचं पातं उभंच, शेजारी भाजलेली तीन वांगी सोलायची राहिलेली, आणि लक्ष्मीबाई डाव्या हातानं पदर डोळ्यांना लावून उजव्या हाताच्या करंगळीनं मोबाईलवर बाटल्या ओतत बसल्या होत्या. करंगळीनं, कारण बाकीची बोटं कांद्यानं माखलेली.

कांदेनवमीचा दिवस होता. एकादशीपासून चार महिने कांदा, लसूण आणि वांगं घरात बंद, म्हणून नवमीला भजी, भरीत, थालीपीठ काय ते पोटभर खाऊन घ्यायचं.

"आई, तेल तापलं," सून तनुजा ओट्यापासून म्हणाली.

"झालंच बघ."

"काय झालंच? कांदे का डाव?"

"दोन्ही."

दोन्हीपैकी काहीच झालं नव्हतं. मोबाईलवर लाल पट्टी आली आणि तिच्यावर अक्षरं उमटली, 'आता एकही चाल उरली नाही.' लक्ष्मीबाईंनी मोबाईल उपडा केला आणि उरलेले कांदे असे काही चिरले की तनुजा मागं वळून बघायला लागली.

हा खेळ घरात आला तो माघ महिन्यात. लक्ष्मीबाईंचा गुडघा सुजला, क्रांती चौकातल्या डॉक्टरांनी सहा आठवडे पाय हलवायचा नाही म्हणून सांगितलं, आणि नात श्रेयानं आजीचा वेळ जावा म्हणून मोबाईलवर बाटल्यांचा खेळ टाकून दिला. खेळ दिसायला अगदी सोपा. काचेच्या उभ्या बाटल्या, एकेकीत चार रंगांचे चार थर. एका बाटलीतला वरचा रंग दुसरीत ओतायचा, पण त्याच रंगावर तोच रंग, नाहीतर मग रिकाम्या बाटलीत. असं करत करत एका बाटलीत एकच रंग झाला की तिला आपोआप बूच बसतं. सगळ्यांना बुचं बसली की डाव सुटला.

लक्ष्मीबाईंनी रंगांना स्वतःची नावं दिली. हळदी, कुंकवी, अबोली, मोरपंखी, चिंतामणी. आणि जो मळकट करडा होता त्याला त्या 'धुण्याचं पाणी' म्हणत.

पाय बरा झाला, पण खेळ सुटला नाही. का सुटला नाही, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पण सोळाव्या वर्षी पडेगावच्या या घरात आल्यापासून त्यांनी जे जे केलं ते संध्याकाळपर्यंत मोडलं होतं. घासलेली भांडी खरकटी झाली, भरलेले हंडे रिते झाले, सारवलेलं अंगण कोंबड्यांनी उकरलं. या खेळात मात्र बूच बसलं की बसलं. त्या बाटलीला पुन्हा कुणी हात लावीत नाही. बूच बसताना टुक् असा आवाज यायचा, आणि तेवढ्या आवाजासाठी लक्ष्मीबाई भाजी करपू देत.

चारशे सतरा डाव असे गेले. मग चारशे अठरावा आला.

चौदा बाटल्या, त्यातल्या बारा भरलेल्या आणि दोन रिकाम्या. वरून त्यात खोड अशी की खालचे थर झाकलेले. वरचा काढल्याशिवाय खाली काय आहे ते कळायचंच नाही. डाव उघडला की आधी एक ओळ यायची, 'शंभरातल्या ब्याण्णव जणांना हा डाव सुटत नाही.' ही ओळ लक्ष्मीबाईंना फार लागली. कुणी तोंडावर बोलल्यासारखी. पुष्कळदा सगळं जुळत यायचं, सात-आठ बाटल्यांना बुचं बसायची, आणि मोरपंखीचा एक घोट कुठंतरी हळदीखाली अडकलेला राहायचा. मग मोबाईल तांदळाच्या डब्यात. तासाभरानं पुन्हा डब्यातून बाहेर, तांदूळ झटकून.

जाहिरात बघितली तर एक जास्तीची बाटली मिळायची. तनुजा स्वतःच्या मोबाईलवर तसंच करायची आणि केव्हाच पुढं गेली होती. लक्ष्मीबाईंना ते पटत नव्हतं. "ती लबाडी हाये," त्या म्हणायच्या. "दिलेल्यात भागवायचं."

त्यांचे मालक कारभारी ओसरीवरून बोलायचे, "त्या बाटल्यांत औषध हाये का काय गं? लई बघू राहिली."

"तुम्ही तंबाखू सोडा, मग बोला."

"मी दर साल चातुर्मासात सोडतो."

"व्हय, आन दर साल धरता बी."

या सगळ्यात चातुर्मास जवळ आला. गल्लीच्या टोकाच्या मारुती मंदिरात पुंडलिकबुवा दुपारी बायांना पोथी सांगायचे. बुवा बोलायला फटकळ. एक दिवस ते म्हणाले, "बायांनो, चातुर्मासात काहीतरी सोडायचं असतं, पण तुम्ही काय सोडता? जे नावडतं ते. कुणी कारलं सोडतं, कुणी दुधी. देवाला काय कळत नाय व्हय?"

सगळ्या बाया हसल्या. लक्ष्मीबाई हसल्या नाहीत. गेली सव्वीस वर्षं त्या वांगं सोडत होत्या, आणि लहानपणापासून वांगं खाल्लं की त्यांचं तोंड खाजायचं. घरात वांगं व्हायचं ते कारभाऱ्यांसाठी. हे देवाला आणि त्यांनाच माहीत. त्या दिवशी त्यांच्या तोंडून निघून गेलं, "बुवा, मी या वर्षी मोबाईलवरचा खेळ सोडते."

बुवा मान हलवून म्हणाले, "हां. ह्ये बरोबर हाये."

चारचौघींत बोललं गेलं. संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं. आता शब्द फिरवायची सोय राहिली नाही, आणि लक्ष्मीबाईंना तो फिरवायचाही नव्हता. त्यांना घोर होता तो वेगळाच. जपाला बसल्या की डोळे मिटल्यावर बाटल्या दिसायच्या. माळेचा मणी पुढं सरकायचा आणि मनात कुंकवी रंग अबोलीवर ओतला जायचा. अडकलेला डाव तसाच मनात घेऊन नेम धरला तर चार महिने असंच होणार. खेळ बोटानं सुटेल, पण जप बाटल्यांचाच होईल. असला नेम धरून काय उपयोग? एकादशीच्या आत चारशे अठरावा सुटला पाहिजे, एवढंच त्यांना हवं होतं. नवमीची भजी झाली, भरीत झालं, आणि डाव होता तिथंच राहिला.

दशमीला पाण्याचा दिवस होता.

नळाला काही दिवसांनी एकदाच पाणी, म्हणून पडेगावच्या त्या गल्लीत वारापेक्षा पाणी जास्त मोजतात. 'लग्नाला दोन पाणी राहिले', 'मागच्या पाण्याला आली होती' असं बोलतात. नळ साधारण अकराला यायचा, पण साधारण म्हणजे साधारणच, म्हणून दहापासून दारात भांडी मांडून बाया पायऱ्यांवर बसायच्या. ड्रम, बादल्या, हंडे, घागरी, आणि मोठ्यांच्या मागं लपल्यासारखे तांबे आणि पातेली.

शेजारची बिल्किस आपली नळी खांद्यावर टाकून आली आणि लक्ष्मीबाईंच्या पायरीवर टेकली. वीस वर्षांचा शेजार. लसूण सोलायचा असला तरी ती इकडं घेऊन यायची.

"भाभी, किती नंबरपे?"

"तिथंच. चारशे अठरा."

"अजून? अगं, मागच्या तीन पाण्यापासून तू तिथंच हाये!"

"उद्यापासून बंद करायचाय. आज नाय सुटला तर लई अवघड हाये बघ."

"कायको अवघड? सरफराजला दे, माझ्या पोराला, दोन मिनिटात सोडून देईल."

"त्यानं सोडून मला काय पुण्य लागंल? जेवायचं दुसऱ्यानं, ढेकर मी द्यायची व्हय?"

बिल्किस हसली आणि खांद्यावरून मोबाईलमध्ये बघत राहिली. लक्ष्मीबाईंनी डाव नव्यानं उघडला. पहिली चाल, हळदी रिकाम्या बाटलीत. दुसरी चाल, चिंतामणी दुसऱ्या रिकाम्या बाटलीत.

"ठैर, ठैर," बिल्किस म्हणाली. "हे काय केलं? रिकामी बाटली दिसली की भरली?"

"मग काय तशीच ठेवायची?"

"हौ! रैने दे ना. भाग जारी क्या ती?" बिल्किसनं पायरीखाली मांडलेल्या भांड्यांकडं हात केला. "भाभी, खेळात नळ जात नाय गं!"

लक्ष्मीबाईंना राग आला. चाळीस वर्षं या घरात रिकामं भांडं दिसलं की भरायचं, हेच तर शहाणपण होतं. ज्या बाईच्या घरात नळ गेल्यावर रिकामा हंडा सापडला ती बाई आळशी. सासूबाईंनी पहिल्या वर्षी एका रित्या घागरीवरून त्यांना दिवसभर बोलणं ऐकवलं होतं. काहीतरी चांगलं टोचून उत्तर द्यावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात नळ खाकरला, आणि गल्लीत एकच गलका उठला.

पाऊण तास कुणी कुणाशी बोललं नाही. ड्रम भरला, हंडे भरले, बादल्या भरल्या. मग पातेली, कुकर, कढई, श्रेयाची शाळेची बाटली, देवाची कळशी. शेवटी धार बारीक झाली तेव्हा लक्ष्मीबाईंनी तिच्याखाली चहाचं गाळणं धुतलं आणि उरलेल्या चार थेंबांसाठी वाटी धरली. नळ गेला. स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि चहा करायला एकही भांडं रिकामं नव्हतं.

"आता चहा कशात ठेवू आई?" तनुजा म्हणाली. "दर पाण्याला असंच करता तुम्ही."

लक्ष्मीबाईंनी भरलेल्या भांड्यांवरून एकदा नजर फिरवली. पदराला हात पुसून त्या ओसरीवर जाऊन बसल्या आणि मोबाईल उघडला.

या वेळी त्यांनी एकाच रिकाम्या बाटलीत रंग ओतला. दुसरी तशीच ठेवली. बारा भरलेल्या बाटल्यांच्या कडेला ती रिकामी बाटली बघवत नव्हती. बोट सारखं तिकडं जायचं आणि त्या बोट मागं घ्यायच्या, तापलेल्या तव्यावरून घेतल्यासारखं. अगदीच अडलं तेव्हा त्यांनी तिच्यात अबोलीचा एक घोट ओतला, पण त्याखालचं मोरपंखी मोकळं झाल्याबरोबर अबोली लगेच जागच्या जागी लावून बाटली पुन्हा रिकामी करून ठेवली. आणि मग झाकलेले थर एकेक करून उघडे पडत गेले. टुक्, पहिलं बूच. बऱ्याच वेळानं दुसरं. कारभारी जेवायचं विचारायला आले आणि त्यांचा चेहरा बघून तसेच परत गेले.

शेवटचं बूच 'धुण्याच्या पाण्याला' बसलं.

मोबाईलवर रंगीत कागदांचा पाऊस पडला, तुतारी वाजली. लक्ष्मीबाई बघत राहिल्या. तीन पाण्यांपासून ज्या घटकेची वाट पाहिली ती आली आणि रंगीत कागद खाली पोचायच्या आत निघूनही गेली. त्यांनी अजून श्वासही सोडला नव्हता. पडदा आपोआप सरकला आणि चारशे एकोणिसावा डाव उघडला. सोळा बाटल्या, आणि रिकामी एकच.

"सुटला?" तनुजा धावत आली. "बाई गं! खरंच सुटला की! जास्तीची बाटली न घेता?"

"व्हय."

"मग आता? एकादशी उद्या आहे. आजचा अर्धा दिवस आहे अजून."

लक्ष्मीबाईंचं बोट पडद्याच्या वर दोन इंचांवर थांबलेलं होतं. पहिल्या बाटलीत वर कुंकवी होता आणि तो कुठं जाईल ते त्यांना दिसत होतं. त्या पुढची चालही दिसत होती. एक चाल खेळली की हाही डाव आपला झाला. मग तो सुटेपर्यंत सुटका नाही. आणि हा सुटला की चारशे विसावा. याला शेवट नव्हता. चारशे अठराव्यापुरता घोर होता असं त्या इतके दिवस धरून चालल्या होत्या, ते खरं नव्हतं. कुठल्याही डावाला थांबलं असतं तरी एक डाव अर्धा राहणारच होता.

त्यांनी बोट मागं घेतलं.

"काढूनच टाकू का खेळ मोबाईलमधून?" तनुजानं विचारलं. "पण काढला तर सगळं जाईल हं. पुन्हा पहिल्या डावापासून."

"नगं काढू. राहू दे तिथंच."

"समोर दिसला की हात जाईल तुमचा."

"जाऊ दे ना. घरात नसलेली वस्तू सोडली म्हणायला काय जातं? असून नाय खायचं, तेव्हा तो नेम." एवढं बोलून त्यांनी मोबाईल बंद केला आणि तनुजाच्या हातात दिला. "पण घंटी वाजली तर तूच उचल. आजच्या दिवस."

तनुजा हसली. लक्ष्मीबाई हसल्या नाहीत, पण रागावल्याही नाहीत. दुपारी पोथीला जाऊन आल्या. बुवांनी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. संध्याकाळी दिवा लावून जपाला बसल्या. बाटल्या दिसल्याच, कुंकवी रंग आला, कुठं जायचा ते कळलं, आणि मणी पुढं सरकला. माळ पुरी व्हायला रोजच्यापेक्षा वेळ लागला, पण झाली.

उठून त्यांनी उपासाचे डबे उघडून बघितले. शेंगदाणे होते, साबुदाणा होता. भगरीच्या डब्यात मूठभरच भगर होती आणि उद्या घरात चौघांचा उपास. त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली, चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या फकिरा वाण्याकडं अर्धा किलो भगर आणायला निघाल्या.