पक्क्या रंगाची चादर

सगळ्या उज्जैनमध्ये मरणाला न घाबरणारं एकच माणूस मी पाहिलं, आणि त्या माणसावर माझा अजून राग आहे. हे शहर महाकालाचं. इथे मरणाचा विषय चहाबरोबर निघतो, पण बोलणारे सगळे दुसऱ्याच्या मरणाबद्दल बोलतात. आमच्या बाई स्वतःच्या मरणाबद्दल बोलत, तेही पुढच्या महिन्यात माहेरी जायचं असल्यासारखं. ऐकणाऱ्याच्या घशात पोहे अडकले तर वर त्याच्याच पाठीत थाप मारत.

बाई मूळच्या नगरकडच्या, ख्रिस्ती. मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या आणि फ्रीगंजमध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी दोन खोल्यांत एकट्या राहू लागल्या. माझे वडील कापडगिरणीत होते. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला, आणि तो केवळ बाईंच्या ओसरीवरच्या शिकवणीमुळे. माझा निकाल लागला त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव टाकूनच दिलं. "अरे ग्रॅज्युएट, सिलिंडर संपला रे!" ही हाक टावर चौकापर्यंत ऐकू जाई. गल्लीत घरोघरी केबलच्या वायरी आल्या, रंगीत टीव्ही आले, तसं बाईंकडे गॅसचं कनेक्शन आलं. आणि मरणाला न घाबरणाऱ्या बाई त्या शेगडीला मात्र टरकत. पेटवायला माझ्या आईला बोलावत आणि स्वतः ओसरीवर जाऊन उभ्या राहत.

"मरायला तयार म्हणता आणि काडी ओढायला घाबरता?" आई म्हणे.

"मरायला तयार आहे हो, भाजायला नाही. प्रभूपुढे जायचं ते नीट भांग पाडून."

कोणी सहज म्हणालं, "बाई, देवाने ठेवलं तर दिवाळीला भेटूच," की त्या म्हणत, "इथे असले तर इथे, नाही तर तिथे. फराळ मात्र इथेच पाठवा." गल्लीत कोणी शेवटच्या दुखण्यात पडलं की आम्ही बाकीचे दारातूनच विचारपूस करून सटकत असू. बाई स्टूल ओढून उशाशी बसत. गिरणी बंद पडल्यावर अंथरूण धरलेल्या शेजारच्या काकांनी एकदा विचारलं, "बाई, मी वाचेन ना?" नातेवाइकांनी एका सुरात "अहो, काय बोलता हे!" केलं. बाई म्हणाल्या, "ते मला माहीत नाही. पण तुम्ही एकटे नाही, एवढं माहीत आहे. बायकोला काही सांगायचं असेल तर आज सांगून टाका." नातेवाईक इतके भडकले की बाईंचं स्टूल उचलून बाहेर ठेवलं. काकांनी मात्र त्याच दुपारी काकूंना जवळ बोलावलं. काय सांगितलं ते कोणाला कळलं नाही, पण काकूंच्या लोणच्याची पहिली बरणी तेव्हापासून दर वर्षी बाईंकडे जाऊ लागली.

मग बाईंचंच पोट दुखायला लागलं. मी त्यांना इंदूरला दाखवायला घेऊन गेलो. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता करण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि वर म्हणाले, "माताजी को मत बताना." आमच्याकडे ही रीतच आहे. ज्याला जायचं आहे तो सोडून बाकी सगळ्यांना ठाऊक. बाईंना साधी सूज आहे असं ठरलं आणि गल्ली कामाला लागली. त्यांच्या ओसरीवर शिऱ्याच्या वाट्या येऊ लागल्या. जिच्याशी त्यांचं नळावरून कायमचं वाकडं होतं, ती समोरची वहिनी "आधी तुम्ही भरा, बाई" म्हणू लागली.

आठवड्याभरात बाईंनी आम्हा सगळ्यांना ओसरीवर बोलावलं. इतक्या संतापलेल्या मी त्यांना कधी पाहिल्या नव्हत्या.

"नळावर माझा नंबर पहिला लागला, तेव्हाच मला कळलं की मी मरणार! मरण माझं, आणि ते मलाच सोडून गल्लीभर वाटून खाल्लंत? आणि तू रे, ग्रॅज्युएट?"

"तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून, बाई."

"त्रास तुला होत होता. तो माझ्या नावावर कशाला घालतोस?"

मलाही राग आला. ज्या बाईने मला माणसांत आणलं, तिला मी अजून धड काही देऊ शकलो नव्हतो, आणि ही खुशाल निघाली होती! रडली असती तर धीर दिला असता. घाबरली असती तर डॉक्टर बदलले असते. न घाबरणाऱ्या माणसासाठी करायचं तरी काय?

करायचं काय ते त्यांनीच दुसऱ्या दिवशी सांगितलं. टेम्पोत बसवून मला भैरवगढला नेलं. "पांढरी चादर मला शोभत नाही," म्हणाल्या. तिथे छिप्याच्या, म्हणजे कापड छापणाऱ्याच्या, कारखान्यात ठसे उमटवलेल्या चादरी दोरीवर वाळत होत्या. बाईंनी लालभडक वेलबुट्टीची एक पसंत केली.

"शादी में देनी है, माताजी?" छिप्याने विचारलं.

"नहीं भैया, ओढ़कर जाना है."

"कहाँ?"

बाईंनी बोट वर केलं. छिप्याचा हात ठशावरच थांबला.

"रंग पक्का है न?"

"एकदम पक्का. धोकर देख लीजिए."

"धोना किसको है? पर जिस दिन प्रभु उठाएगा, इसी में उठूँगी. फीकी नहीं चलेगी."

छिपा म्हणाला, चादरींची जोडी असते, एक सुटी देणार नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "ठीक आहे. एक मला, एक तुझ्या लग्नाला."

मी भर कारखान्यात ओरडलो, "कफनाची जोड कोणी आहेरात देतं का, बाई?"

"का नाही? दोन्हीकडे कोणीतरी वाट बघत असतं."

घरी आईने माझ्या वाट्याची चादर पाहिली आणि "अपशकुनी मेली" म्हणत ट्रंकेच्या तळाशी कोंबली.

पुढे दुखणं वाढलं. बाई अर्ध्या झाल्या. वेदना आली की उशीचं टोक दातांत धरत. एका संध्याकाळी मी न राहवून विचारलं, "बाई, खरंच भीती नाही वाटत?"

"दुखण्याची वाटते. रोज वाटते." मग म्हणाल्या, "तू पहिल्यांदा शिकायला आलास ते आठवतं? पाय चिखलाने भरलेले, म्हणून दाराशीच उभा होतास. आत येईनास. मी काय केलं?"

"हात धरून आत घेतलंत."

"पाय धुऊन ये म्हटलं?"

"नाही."

"मग झालं तर. माझा प्रभू माझ्यापेक्षा वाईट शिक्षक आहे का? या वेळी दाराशी मी आहे, एवढंच."

इतक्या सोप्या उत्तरावर वाद घालता येत नाही. मी उठून आत गेलो आणि त्यांच्यासाठी शेगडी पेटवली.

बाई गेल्या तेव्हा पाद्रीसाहेबांच्या आधी आमची गल्ली पोचली होती. पेटीत ती लाल चादर त्यांच्या हनुवटीपर्यंत ओढली. भांग नीट पाडलेला होता. तो माझ्या आईने पाडला होता. कब्रस्तानात समोरच्या वहिनीने मूठभर माती टाकली आणि ती पदरात तोंड खुपसून रडली.

दुसऱ्या सकाळी मी उठलो तर अंगणात आई. ट्रंकेतली चादर तिने बादलीत भिजवली होती.

"अपशकुनी म्हणत होतीस ना?"

"बाईंची आहे. अपशकुनी कशी असेल?" आई पाण्यात वाकून बघत होती. बराच वेळ बघत होती. पाणी स्वच्छ होतं. "पक्का आहे रे," ती म्हणाली. "त्यांची पण अशीच असेल."

राग माझा गेलेला नव्हता. पण मी चादरीचं दुसरं टोक धरलं, आणि आम्ही दोघांनी मिळून ती पिळली.