गोठ्यातला एकशे दोन नंबर

श्रीमंतराव वाघचौरे टेलिफोन खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झाले, तेव्हा नेवासा तालुक्यात खांब शिल्लक होते, तारा मात्र भंगारात गेल्या होत्या. चौतीस वर्षं ज्यांच्या सायकलची लोकांनी डोळे लावून वाट पाहिली, त्यांना आता कुणी चहालाही हाक मारीना. मग त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ बघून इंटरनेटवर चालणारी घरगुती फोनयंत्रणा शिकून घेतली. साबणाच्या डबीएवढा कॉम्प्युटर, तेच एक्स्चेंज. आणि प्रत्येक जुना फोन त्याला जोडायला एकेक अडॅप्टर. पहिली लाइन टाकली स्वतःच्या स्वयंपाकघरातून ओसरीवर. बायको म्हणाली, "हाक मारली तरी ऐकू येतंय की."

कदर केली ती आप्पासाहेबांनी. ते गावच्या दूध संस्थेचे चेअरमन. त्यांच्या घरचा नंबर संस्थेच्या पावतीवर छापलेला, त्यामुळे दूध घालणारे उजाडल्यापासून तक्रारी सांगायचे.

"श्रीमंतराव, मोठ्या लोकांचे हे अकरा नंबर," आप्पासाहेब म्हणाले. "यांचा फोन दिवाणखान्यात वाजला पाहिजे. बाकी सगळे गोठ्यात."

"गोठ्यात कोण उचलणार?"

"म्हणून तर गोठ्यात. तिथं कुणी नसतं."

तिथं आप्पासाहेबांची आई, छबूबाई, पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत असायची. पण ती चेअरमनच्या हिशेबात बसत नव्हती.

श्रीमंतरावांनी दिवाणखान्याला एकशे एक नंबर दिला, गोठ्याला एकशे दोन, आणि दोन नियम लिहिले. हे यंत्र नियम वरून खाली वाचतं. पहिला लागू पडला की पुढचं बघतसुद्धा नाही. श्रीमंतरावांनी वर लिहिलं, 'सगळे फोन एकशे दोनला.' मोठी माणसं राहिली खाली. सरकारी शिरस्त्याने त्यांनी एकदाच तपासलं. गोठा वाजला. काम झालं म्हणून ते घरी गेले.

दुसऱ्या दिवशी खाजाभाईंनी फोन केला. त्यांच्या चार म्हशींचं दूध संस्थेत जायचं.

"कोन बोलतंय?" छबूबाईने विचारलं.

"चेअरमनसायबाला सांगा, दूध म्हशीचं हाय अन् मशीन फॅट गाईचं दाखवतंय!"

"मशीन कदी धुतलंय का त्यांनी? थांब जरा."

तिने लगेच संस्थेच्या सेक्रेटरीला, सुनीलला, फोन लावला. "सुनील, मशीन तू घासतो का मी येऊ?"

सुनीलने घासलं. संध्याकाळी फॅट वर आलं आणि बातमी गावभर झाली. कुणाची पेंड बुरसलेली निघाली, कुठं वजनकाटा अडकला. सगळ्यांना गोठ्यातून उत्तर मिळू लागलं. दिवाणखान्यातला फोन मात्र नव्या नवरीसारखा गप्प. आठव्या दिवशी एका पुढाऱ्याच्या पीएने आप्पासाहेबांना मोबाईलवर झापलं. "तुमच्या घरी फोन केला तर एक म्हातारी विचारते, दूध किती घालता!"

श्रीमंतरावांना तातडीने बोलावणं गेलं. लॅपटॉप उघडताच त्यांना चूक दिसली. दोन ओळींची अदलाबदल, अर्ध्या मिनिटाचं काम. त्यांनी बोट ठेवलं, तेवढ्यात गोठ्यातून फोनवर बोलणाऱ्या छबूबाईचा आवाज आला. "रडू नगं निकिता. वासरू आडवं आलंय ना, मग वडू नगं. डाक्टरला लावून दिलाय मी, वाटंतच हाय त्यो."

श्रीमंतरावांनी बोट उचललं.

"काय झालंय?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"केबल फॉल्ट. पाऊस उघडल्याशिवाय काही करता यायचं नाही."

नोकरीत हे वाक्य त्यांनी आपली दुपारची झोप वाचवायला हजारदा वापरलं होतं. लोकांचं काम चालू राहावं म्हणून ते पहिल्यांदाच वापरलं.

सप्टेंबरात संस्थेची वार्षिक सभा झाली. तोवर सगळे खूश आहेत हे आप्पासाहेबांच्या ध्यानात आलं होतं. 'अखंड तक्रार निवारण केंद्र' ही आपलीच दूरदृष्टी असल्याचं त्यांनी भाषणात सांगितलं. टाळ्या कडकडल्या. फ्लेक्सवर नऊ जणांचे फोटो होते, छबूबाईचा नव्हता. ती सभेलाही नव्हती. धारांची वेळ होती.

श्रीमंतराव मधूनच उठून गोठ्यात गेले.

"बरं झालं आलास, श्रीमंता," ती म्हशीखालून न उठता म्हणाली. "फोन वाजला की धार सोडून पळाया लागतं. वायर तेवढी लांब कर."

त्यांनी पिशवीतून वायर काढली आणि शेपटीचे फटकारे चुकवत ती दावणीपर्यंत आणून दिली.